फायलींना वाहतूक परवाना कोणाचा?

एखादा प्रश्न 'तांत्रिक' आहे असे म्हटले की आपल्या चळवळीतील कार्यकर्ते सुटकेचा निःश्वास टाकतात आणि तो प्रश्न कार्यालयातील एखाद्या तरुण मुलावर सोपवून मोकळे होतात. धरणाची उंची हाही प्रश्न तांत्रिकच होता. विजेचे दर, बियाणांचे वाण, कोळशाची प्रतवारी हे सारे तांत्रिकच. तरीही त्यांत कोणाचे हितसंबंध गुंतलेले आहेत हे ओळखण्यास आपण शिकलो, त्यावर मोर्चे काढले, अभ्यासगट बसविले. मग हातातील टॅब्लेटमधील फाईल समोरच्या टेबलावरील लिनक्सच्या संगणकात सरळपणे का जात नाही, हा एकच प्रश्न राजकारणाबाहेरचा कसा ठरतो?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. माजरीसारख्या कोळशाच्या गावात आणि तेथून पूर्वेला गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या जंगलपट्ट्यात गेल्या काही वर्षांत टॅब्लेट बऱ्याच घरांत पोहोचले आहेत. काही शासकीय योजनांतून आले. महाज्योतीने प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना दिलेले टॅब्लेट सर्वांच्या परिचयाचे आहेत. काही २०२०-२१ च्या टाळेबंदीत, शाळा पडद्यावर भरू लागल्या तेव्हा, उसनवारी करून घेतलेले आहेत. दुसऱ्या बाजूला कामगार संघटनांची कार्यालये, वाचनालये, शाळा यांच्याकडे जुने संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला आणि विंडोज ११ साठी जी यंत्रसामग्री आवश्यक ठरविली ती या जुन्या संगणकांत नाही. म्हणजे चालते यंत्र एका कंपनीच्या तारखेने भंगारात निघाले. ज्यांना नवे यंत्र परवडत नाही आणि चोरीची प्रणाली वापरायची नाही, त्यांच्यापुढे लिनक्स हा एकमेव सरळ मार्ग राहतो, आणि तो चांगला मार्ग आहे. माझ्या स्वतःच्या टेबलावरील संगणक त्याच मार्गाने पुन्हा कामाला लागला आहे.

अडचण सुरू होते ती या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलावे लागते तेव्हा. जमीन खाणीत गेलेल्या शेतकऱ्यांचे सातबारे, मोबदल्याचे आदेश, नोकरीसंबंधीचा पत्रव्यवहार गावातील मुले टॅब्लेटच्या कॅमेऱ्याने टिपतात. हे कागद घरोघरी पेटीत वाळवी खात पडलेले असतात. त्यांची प्रत घेणे हे मोलाचे काम आहे. ती प्रत कोणत्या तरी सामाईक संगणकात, नावानिशी, तारखेनिशी जमा झाली पाहिजे. वायर जोडली तर टॅब्लेट प्रथम केवळ वीज घेतो. 'फाईल हस्तांतर' हा पर्याय सूचनांच्या पडद्यात शोधून निवडावा लागतो. बाजारातील पुष्कळ स्वस्त वायरींत वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. हे दोन्ही अडथळे ओलांडले तरी पाचशे छायाचित्रांपैकी शे-दीडशे येतात आणि पट्टी थबकते. पुन्हा वायर काढा, पुन्हा लावा, कोणती आली आणि कोणती राहिली ते मोजा. मग कोणी तरी सुज्ञ माणूस सांगतो, "कशाला एवढा त्रास? क्लाउडवर टाका, आणि तिथून उतरवून घ्या."

या 'कशाला एवढा त्रास'मध्येच सारे अर्थकारण दडलेले आहे. दोन यंत्रांमधले अंतर हातभर. पण फाईल जाणार ती हजारो मैलांवरील खासगी गोदामात आणि तेथून परत येणार. जाताना-येताना आपल्या डेटापॅकचे पैसे. ज्या गावात मोबाईलचे जाळे टेकडीवर चढल्यावाचून मिळत नाही तेथे तेही नाही. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते. जून २०२१ पासून नवी छायाचित्रेही त्याच जागेत मोजली जातात. ती भरली की मासिक भाडे सुरू होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'खंड' ही संकल्पना नव्याने सांगावी लागत नाही. रिकार्डोच्या जमीनमालकाला खंड मिळे तो निसर्गाने चांगली जमीन थोडी दिली म्हणून. फाईलची प्रत काढण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य आहे, वायर दहा वर्षे टिकते, आणि तरीही खंड द्यावा लागतो. येथे दुर्मिळता निसर्गाने दिलेली नसून ती कारखान्यात तयार केलेली आहे.

ती कशी तयार झाली हे समजून घेणे अवघड नाही. पूर्वीचे फोन संगणकाला जोडले की साध्या पेनड्राइव्हसारखे दिसत. कोणताही संगणक, कोणतीही प्रणाली, फाईल उचला आणि ठेवा. २०११ साली खास टॅब्लेटसाठी काढलेल्या अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही पद्धत मागे पडली आणि तिच्या जागी एमटीपी, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल, आला. हा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने तयार केलेला. मुळात डिजिटल कॅमेऱ्यांसाठी असलेल्या एका पद्धतीवर त्याची उभारणी केली, आणि उद्देश होता विंडोजच्या संगणकातून गाणी व चित्रफिती खिशातील वादनयंत्रात नेणे, तेही प्रताधिकाराची कुलपे शाबूत ठेवून. २००८ साली यूएसबीच्या उद्योगसंघाने त्याला मानकाचा दर्जा दिला. मूळ प्रोटोकॉलची रचनाच अशी की एका वेळी एकच व्यवहार चालतो, आणि फाईल जागेवर उघडून दुरुस्त करता येत नाही; पूर्ण उतरवा, बदला, पूर्ण चढवा. विंडोजमध्ये त्याची सोय घरचीच. लिनक्समध्ये ती स्वयंसेवकांनी कंपन्यांच्या यंत्रांचे वेगवेगळे विक्षेप एकेक करून तपासत उभी केली, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्यांना ते काम पुन्हा करावे लागते.

प्रतिपक्षाचा युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो पूर्णतः खोटा नाही. जुन्या पद्धतीत संगणक टॅब्लेटच्या साठवणीचा संपूर्ण ताबा घेत असे. तेवढा वेळ टॅब्लेटवरील ॲप्सना आपलीच साठवण दिसत नसे, आणि वायर अचानक ओढली तर सर्वच बिघडण्याचा धोका. शिवाय ती साठवण विंडोजला समजेल अशाच जुनाट साच्यात ठेवावी लागे. नव्या पद्धतीत दोघेही एकाच वेळी काम करू शकतात. हे सर्व मान्य. पण बदल आवश्यक होता म्हणजे हाच बदल आवश्यक होता असे सिद्ध होत नाही. दोन यंत्रांनी एकाच साठवणीत एकाच वेळी काम करण्याच्या खुल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या पद्धती संगणकांच्या जाळ्यांत २०११ च्या कितीतरी आधीपासून रुळलेल्या होत्या. त्यांतील एखादी यंत्रात बसवून देण्यास कोणती तांत्रिक बाधा होती? बाधा नव्हती, बाजारातील बहुसंख्य संगणक विंडोजचे, तेव्हा उरलेल्यांचे काय होते याची फिकीर करण्यात नफा नव्हता, एवढेच. भांडवलशाही नेहमीच कटकारस्थान करते असे नव्हे. पुष्कळदा ती केवळ खांदे उडविते.

आणि येथे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठी विसंगती येते. अँड्रॉइडच्या टॅब्लेटचे हृदय कोणते? लिनक्सच. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभ केलेला आणि जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी घडविलेला तो गाभा. समोरच्या संगणकातही तोच गाभा. म्हणजे ही एकाच घरातील दोन भावंडे. एक मोठ्या वाड्यात नोकरीला गेले आणि आता दुसऱ्याशी बोलायचे तर वाड्याच्या मालकाने ठरविलेल्या भाषेत, मालकाने ठरविलेल्या दारातून. सामाईक श्रमाने निर्माण झालेली संपत्ती खासगी आवारात नेऊन तिच्याभोवती कुंपण घालणे याला इतिहासात एक नाव आहे. इंग्लंडमध्ये सामाईक कुरणांना कुंपणे पडली तेव्हाही प्रत्येक कुंपणाला सुधारित शेतीचे कारण होतेच, आणि काही ठिकाणी शेती सुधारलीही.

(लिनक्सच्या भक्तांनीही हुरळून जाऊ नये. आज त्या गाभ्यावरील बहुतांश काम मोठ्या कंपन्यांच्या पगारावरील अभियंते करतात. खुलेपणा म्हणजे समाजवाद नव्हे. मात्र खुलेपणावाचून समाजवादाची कल्पनाही या क्षेत्रात करता येणार नाही.)

आमच्या भागातील वाचकांना हे सर्व परके वाटू नये. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले होते, म्हणजे बांबू गावाचा झाला. पण गावाने तो तोडून विकायचा म्हटल्यावर वनखात्याने वाहतूक परवाना देण्यास नकार दिला. माल तुमचा, पण तो तुमच्या शिवेबाहेर जाणार नाही. आणि जो माल शिवेबाहेर जात नाही त्याची मालकी म्हणजे काय, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या गोंड गावाने देशाला अधिक स्पष्टपणे शिकविले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. योगायोग असा की त्याच वर्षी टॅब्लेटमधून फाईल बाहेर नेण्याचा साधा रस्ता बंद होत होता. छायाचित्र मी काढले, मुलाखत मी घेतली, यंत्राचे पैसे मी भरले. परंतु वाहतूक परवान्याचे पुस्तक दुसऱ्याच्या खिशात आहे.

गडचिरोलीतील ग्रामसभांच्या बाबतीत ही केवळ उपमा नाही. वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे, हद्दीवरील बिंदूंची नोंद, तेंदूपानाच्या संकलनाचे आणि मजुरीवाटपाचे हिशेब, सभांचे ठराव हे सर्व आता पडद्यावरच्या यंत्रांत जमा होऊ लागले आहे. ज्या नोंदीवर गावाचा जंगलावरील हक्क उभा आहे ती नोंद गावातील यंत्रातून गावाच्याच दुसऱ्या यंत्रात, वाटेत कोणाचेही खाते, कोणाचाही सर्व्हर न लागता नेता आली पाहिजे. ज्या ग्रामसभेला स्वतःच्या दप्तराची प्रत स्वतः काढता येत नाही, तिचे दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात आहे असेच समजावे.

वायरीला पर्याय म्हणून मेमरी कार्ड सुचविले जाते. त्याचीही कथा उद्बोधक आहे. ३२ जीबीहून मोठी कार्डे ज्या साच्यात येतात तो एक्सफॅट नावाचा साचा मायक्रोसॉफ्टच्या पेटंटखाली होता. त्यापूर्वीच्या फॅट साच्यावरील पेटंटांच्या आधारे याच कंपनीने फेब्रुवारी २००९ मध्ये टॉमटॉम या डच कंपनीवर खटला भरला होता. टॉमटॉमच्या यंत्रांत लिनक्स होते. महिन्याभरात तडजोड झाली, पण जो धाक बसायचा तो बसला. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीत तो अधिकृतपणे आला. एखाद्या कपाटाच्या खणांची रचना समजावून सांगण्यास दहा वर्षे! आज कार्डाचा मार्ग खुला आहे, आणि नेमक्या याच काळात पुष्कळ टॅब्लेट व फोन यांतील कार्डाची खाचच नाहीशी होत चालली आहे. ॲपलच्या टॅब्लेटांत तर ती कधीच नव्हती. त्यांच्याशी लिनक्सला बोलायचे तर स्वयंसेवकांनी उलटतपासणी करून शोधलेल्या पद्धतीवर विसंबावे लागते.

समाजवाद्यांना या क्षेत्रातील आपला वारसा आठवतो का, असा प्रश्न कधी कधी पडतो. १९७७ साली जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. परदेशी कंपन्यांनी भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा ही परकीय चलन नियमन कायद्याची अट आयबीएमने नाकारली आणि १९७८ मध्ये ती कंपनी देशातून गेली. आजच्या वर्तमानपत्री इतिहासात हा प्रसंग समाजवाद्यांचा आततायीपणा म्हणून रंगविला जातो. त्यात एक गोष्ट सांगितली जात नाही. आयबीएम येथे इतरत्र कालबाह्य झालेली यंत्रे डागडुजी करून भाड्याने देत असे. ती गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने केली, आणि देश बुडाला नाही. ग्राहकाने यंत्र भाड्याने घ्यायचे, त्याचे मर्म कंपनीने राखायचे, हीच ती जुनी व्यवस्था. आज यंत्र आपण रोख पैसे देऊन घेतो, आणि मर्म मात्र पूर्वीइतकेच कंपनीकडे राहते. (काळाचा महिमा असा की खुल्या प्रणालीवर वाढलेली रेड हॅट ही कंपनी २०१९ साली आयबीएमनेच ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.)

'ॲप घाला, काम होईल,' असे तरुण मित्र सांगतात. त्यांचे म्हणणे आजपुरते बरोबर आहे. केडीई कनेक्ट किंवा लोकलसेंड घातले तर एकाच वायफायवर, किंवा टॅब्लेटच्याच हॉटस्पॉटवर, इंटरनेट नसतानाही फायली वायरीपेक्षा बिनबोभाट जातात. दोन्ही मोफत, दोन्ही खुली. प्रत्येक कार्यालयाने ती आजच बसवून घ्यावीत. परंतु ती ॲप्स ज्या दारातून टॅब्लेटमध्ये शिरतात त्या दारावर पहारा कोणाचा? सिंकथिंग हे दोन यंत्रांतील फोल्डर परस्पर जुळते ठेवणारे उत्कृष्ट साधन. त्याच्या अँड्रॉइडवरील अधिकृत ॲपच्या सांभाळकर्त्याने २०२४ च्या अखेरीस काम थांबविले आणि गूगलच्या दुकानातील प्रकाशनाचा जाच हे त्याचे एक कारण सांगितले. मे २०२५ मध्ये नेक्स्टक्लाउड या जर्मन संस्थेने जाहीर तक्रार केली की तिच्या ॲपला सर्व प्रकारच्या फायली वाचण्याची परवानगी गूगलने काढून घेतली आहे. बोभाटा झाल्यावर ती परत मिळाली. बोभाटा करण्याची ताकद नसलेल्यांचे काय? सुरक्षिततेचे कारण प्रत्येक वेळी दिले जाते. लबाड ॲप्सपासून सामान्य माणसाचे रक्षण व्हावे हे कोण नाकारील? परंतु मालकाला चोर समजून केलेले रक्षण आणि मालकाच्या हाती किल्ली देऊन केलेले रक्षण यांत भेद आहे, आणि कंपन्या तो जाणीवपूर्वक पुसतात.

युरोपात शासनाने हस्तक्षेप केला तर काय होते याची उदाहरणे आहेत. २००४ साली युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरना विंडोजशी बोलण्यासाठी लागणारा तपशील देण्याचा आदेश दिला. २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरल्यावर साम्बा या खुल्या प्रकल्पाच्या हाती ती कागदपत्रे पडली. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोन व टॅब्लेट यांना एकाच प्रकारचे यूएसबी-सी तोंड सक्तीचे झाले आहे. वायरीचे तोंड कायद्याने एक करता येते, तर वायरीतून वाहणारी भाषा खुली असावी ही सक्ती का करता येऊ नये?

आपल्याकडे धोरण कागदावर आहे. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय यंत्रणेत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने बॉस लिनक्स त्याच्या कितीतरी आधी, २००७ मध्येच, तयार केले होते. केरळने आपल्या सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या आणि शिक्षकांना प्रशिक्षण देऊन ते टिकविले. तमिळनाडूने २०११ नंतर विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपांत विंडोजबरोबर बॉसही दिले. महाराष्ट्रात मात्र यंत्रे वाटताना छायाचित्रे काढली जातात आणि यंत्रांच्या अटी कोणी वाचत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले, ते आठवावे. यंत्राची क्षमता अपुरी, बिघाडाचा भुर्दंड सेविकेवर, आणि पोषण ट्रॅकरचे ॲप इंग्रजीत. सातवी-आठवी शिकलेल्या बायांनी निविदेतील दोष जसा उघडा पाडला तसा तो कोणत्याही तज्ज्ञ समितीने पाडला नव्हता. त्या आंदोलनाकडे मानधनाच्या लढ्याची एक पुरवणी म्हणून पाहिले गेले, ही आपली उणीव. सार्वजनिक पैशाने घेतलेले यंत्र कसे असावे हे ते वापरणाऱ्याने ठरवावे, असा तो लढा होता.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. 'सर्वत्र लिनक्स आणा' ही घोषणा सभेत टाळ्या घेईल आणि तहसील कचेरीत विरून जाईल. शिवाय दुकानदाराला, शिक्षकाला उद्यापासून काळ्या पडद्यावर आज्ञा टंकलिखित करायला सांगणारा सोवळेपणा आपल्याला नको. मागणी एवढीच की राज्य शासन, जिल्हा परिषद किंवा शासकीय महामंडळ ज्या टॅब्लेटची खरेदी करील, त्यातील वापरणाऱ्याच्या फायली कोणत्याही प्रणालीच्या संगणकात, इंटरनेटवाचून आणि कोणत्याही कंपनीचे खाते न उघडता, वायरीने व वायफायने नेता आल्या पाहिजेत, ही अट निविदेत असावी आणि पुरवठादाराने ती लिनक्सच्या संगणकावर करून दाखविल्यावरच बिल मंजूर व्हावे. दाखविण्यास दहा मिनिटे लागतील. मेमरी कार्डाची खाच ही दुसरी अट. योजनेची मुदत संपल्यावर यंत्रातील कुलपे काढून ते विद्यार्थ्याच्या पूर्ण मालकीचे करणे ही तिसरी. काही संस्थांनी दिलेल्या टॅब्लेटांत वायरीचा मार्गच बंद केलेला मी पाहिला आहे, आणि शिकवणी संपून गेल्यावरही तो तसाच होता.

हे काम वरून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या निविदांच्या अटी माहितीच्या अधिकारात मिळतात. भद्रावती, वरोरा, धानोरा येथील कार्यकर्त्यांनी गेल्या पाच वर्षांतील टॅब्लेट व मोबाईल खरेदीचे कागद मागवावेत आणि त्यांत हस्तांतराविषयी एक तरी ओळ आहे का ते पाहावे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वनहक्काचे दप्तर गावाच्याच संगणकात ठेवण्याचा ठराव मांडता येईल. त्या सभेला जाताना एक टॅब्लेट, एक जुना लिनक्सचा संगणक आणि माहिती नेणारी चांगली वायर बरोबर न्यावी, आणि नकाशाची फाईल लोकांसमोर इकडून तिकडे नेऊन दाखवावी. गेली नाही, तर का गेली नाही हेही तेथेच सांगावे.